वरच्या खोलीतली प्रार्थना

अण्णा,

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि वरची खोली अजून मीच भाड्याने देते आहे. खरं सांगायचं तर आता दमले. पण नवा भाडेकरू आला की पहिल्या दिवशी शकुन म्हणून चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं, ही तुमची शिस्त मी मोडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी म्यानमारहून पळून आलेली एक बाई म्हाताऱ्या सासूला घेऊन राहायला आली. तिकडे लढाई चाललेली. त्यांच्या गावातलं चर्च सैनिकांनी जाळलं; तिचा नवरा तिथे पाद्री, त्याला धरून नेलं ते नेलंच. आपल्या शहरातल्या पीण्या भागात, कपड्यांच्या कारखान्यात शिकलेल्या मोडक्या हिंदीत तिने हे सगळं जिन्यात उभ्याउभ्याच सांगितलं. मग आम्ही वर गेलो; दूध फुगून काठाशी आलं तशी सासूने झडप घालून पातेलं उतरवलं. मी ओरडले, "अहो, सांडू द्या!" म्हातारी पातेल्याच्या आड उभी राहून माझ्याकडे बघतच राहिली. महिनोन्‌महिने जंगलात लपून राहिलेल्या बाईला मी दूध मुद्दाम सांडायला सांगत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

रविवारी वर प्रार्थनेला त्यांच्या देशातली आठ-दहा माणसं जमायची. गायची, पण इतकी हळू की खाली माझ्या कुकरपुढे काही ऐकूही येत नसे. गावाकडे आवाज बाहेर गेला की सैनिक यायचे, ती सवय इथेही सुटली नव्हती. पूर्वी त्याच खोलीत केरळची एक शिक्षिका राहायची, आठवतं? ती बेसूर प्रार्थना गायची आणि मी, तेव्हा लहान पोर, जिन्यावर तिची नक्कल करायची. एकदा तुम्ही ते ऐकलंत आणि जेवताना माझ्यासमोरचं ताट बाजूला सारलंत. "वर जा, माफी मागून ये, मग जेवायला बस." मी रडत रडत वर गेले होते.

यंदा मोबाइलवर आपल्याकडचेच व्हिडिओ यायला लागले, कुठे प्रार्थनेला जमलेल्यांना मारलं, कुठे घरमालकालाच दमात घेतलं. माझी झोप उडाली. एका सकाळी मी वर जाऊन सांगितलं, "गल्लीतल्या लोकांची तक्रार आहे. रविवारी माणसं जमवू नका." ती इथे शिकलेल्या कानडीत, बरं म्हणावं तसं, एवढंच म्हणाली, "सरी, अक्का."

दुसऱ्या दिवशी ती केळी घेऊन दारोदार माफी मागत फिरली. समोरची बाई तडक माझ्याकडे आली. "तक्रार कोणी केली हो अक्का? आम्ही कोणी नाही केली." मी म्हटलं, असेल कोणीतरी. कोणीच केली नव्हती, अण्णा. घरोघरी तेच ऐकून संध्याकाळी माझी भाडेकरू खाली आली. चिडली असती तर बरं झालं असतं. "अक्का, तुम्हाला भीती वाटली ना? तसं सांगायचं. भीती आम्हाला कळते."

खोली सोडतो म्हणाली, तरी मी 'राहा' म्हणाले नाही. महिना संपताच त्या दोघी इथल्या शिवाजीनगर वस्तीच्या मागे, आधीच दोन कुटुंबं राहतात अशा एका खोलीत गेल्या. टेम्पो वळला तेव्हा मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. हे पत्र कुठे पोचणार नाही म्हणून एवढं लिहवलं. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही मी शेजाऱ्यांचंच नाव सांगितलं असतं.