दुसरं लायसन्स

बाबा,

मला लायसन्स मिळालं. मागच्या आठवड्यात साकोलीला जाऊन त्याची छापील प्रत काढून आणली आणि आईच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि फोटोत हासली काहून नाही म्हणून विचारलं. तुम्ही असता तर आधी मागची बाजू पाहिली असती, किती वर्षं चालतं ते.

तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. मी हवाई दलात गेले. चौदा वर्षं हेलिकॉप्टर उडवलं. ज्या डोंगरांत तुम्ही मिलिटरीचा ट्रक घेऊन ताफ्यात चालायचात, त्याच डोंगरांवरून मी रसद नेली, जखमी जवान खाली आणले. एकदा पुराच्या पाण्यात शाळेच्या गच्चीवर एक चाक टेकवून माणसं उचलली. मग माझी नोकरीची मुदत संपली. वर्दी उतरवली आणि कळलं की बाहेरच्या जगाच्या लेखी मी अजून पायलट झालेच नाही. हवाई दलातले उड्डाणाचे तास धरतात, पण लायसन्स वेगळं काढावं लागतं. नियमांचा पेपर, हवामानाचा आणि दिशा काढण्याचा पेपर, रेडिओवर बोलायची तोंडी परीक्षा, डॉक्टरांची तपासणी, आणि शेवटी परीक्षकाला शेजारी बसवून उड्डाण. चौदा वर्षांच्या वह्या मांडून मी तास उतरवून काढले, वरिष्ठांच्या सह्या गोळा केल्या. ती गच्चीही त्यात होती. पन्नास मिनिटं, एवढंच.

अभ्यासाला मी गावी, सानगडीला आले. घर शांत आहे आणि आई एकटी आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर शहरात, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरांसोबत क्लासच्या बाकावर बसायची मला लाज वाटत होती. स्वयंपाकघरात पाट टाकून, भिंतीला टेकून मी नियम पाठ करू लागले, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही आठवलात.

मी नऊ वर्षांची आहे. तुम्ही मिलिटरीतून परत आला आहात आणि एसटीत ड्रायव्हर व्हायचं आहे. मिलिटरीच्या कागदावर बाहेरचं लायसन्स सहज मिळेल असं वाटलं होतं, पण कागदावर आडनाव चुकलेलं निघालं आणि नवख्या माणसासारखी परीक्षा द्यायची पाळी आली. शेजारचे काका तेव्हा नुकतेच एसटीत कंडक्टर लागलेले. तेच तुम्हाला सायकलवर बसवून स्टँडपर्यंत नेतात आणि भंडाऱ्याला सोबत येतात. बर्फात, दरीच्या कडेनं बारा वर्षं ट्रक चालवलेला माणूस भंडाऱ्याच्या सपाट मैदानात नापास होतो. गाडीत काही चूक नाही. हाताचे इशारे आणि रस्त्यावरच्या पाट्या. ताफ्यात पुढच्या ट्रकच्या मागे जायचं असतं, पाट्या कोण पाहतो, असं तुम्ही आईला सांगता.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चुलीसमोर पाटावर बसता आणि मी पुस्तकातून प्रश्न विचारते. उजवीकडे वळायचं आहे. तुम्ही उजवा हात सरळ बाहेर काढता. आई तवा घेऊन वळते आणि म्हणते, हात भाजन तुमचा, गाडी बाहेर न्या. थांबायचं आहे. तुम्ही हात वर करता, मग खाली करता, मग माझ्याकडे पाहता. मला हसू आवरत नाही. आई रागावते. तुम्ही रागावत नाही.

"हास," तुम्ही म्हणता. "पण आधी पुस्तकात पाहून घे, बरोबर कोणतं हाय ते."

मी पाहून सांगितलं. पण तेवढ्यावर थांबले नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मी तुमची नक्कल केली, हात वर, हात खाली, आणि माझे वडील मिलिटरीतले असून नापास झाले हे सगळ्या वर्गाला सांगितलं. बाजाराच्या दिवसापर्यंत ते गावभर झालं. पानठेल्यावरची माणसं तुम्हाला पाहून हात बाहेर काढू लागली. सोबत गेलेला माणूस एकच होता, म्हणून तुम्ही काकांना दोष दिला. मी दाराआड उभी होते, ऐकत होते, आणि बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला तुम्ही पास झालात. एसटीत लागलात, आणि नेमके काकांच्याच गाडीवर. अकरा वर्षं तुम्ही दोघं एका बसमध्ये फिरलात आणि एकमेकांशी बोलला नाहीत. काका एक घंटी देत, तुम्ही थांबत. दोन देत, तुम्ही निघत. गावातले लोक म्हणत, या गाडीत गडबड कधी होत नाही. मी कधी कधी इंजिनाच्या बाजूच्या सीटवर बसायची. तलावाच्या वळणावर तुम्ही गाडी इतकी हळू घालत की पेंगलेली माणसं जागी होत नसत. मी एकदा विचारलं, रस्ता मोकळा असताना एवढं हळू काहून. तुम्ही म्हणालात, "मागं बसलेल्याले वळण समजलं नाही पाहिजे."

मी नियमांच्या पेपरात दोन गुणांनी नापास झाले, बाबा. रेडिओ बंद पडला आणि विमानतळावरून लुकलुकणारा पांढरा दिवा दिसला, तर काय करायचं? या विमानतळावर उतरायचं आणि थांब्याकडे यायचं. मी लिहिलं, उतरू नका, फिरून जा. माझा रेडिओ खरोखर दोनदा बंद पडला होता, दोन्ही वेळा मी अंदाजानं सुखरूप उतरले होते. दिव्यांकडे पाहायची वेळच आली नव्हती. आईला सांगितलं, निकाल लागायचा आहे. तीन आठवडे तेच सांगितलं. दळण आणायला गेले तरी वाटायचं, रस्त्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. आणि मग, इतक्या वर्षांनी, पानठेल्यासमोरून मान खाली घालून जाणारे तुम्ही मला दिसायला लागलात.

त्या दुपारी मी काकांकडे गेले. ते आता थकले आहेत, कानाला कमी येतं. अंगणात खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मी आधी नापास झाल्याचं सांगितलं. मग सांगितलं की तेव्हा तुमच्या नापास होण्याची गोष्ट गावात मीच पसरवली होती. मोठ्यानं सांगावं लागलं, दोनदा. काकांच्या सुनेनंही ऐकलं असेल.

काकांनी शेंगा खाली ठेवल्या.

"मले मालूम होतं, बेटी. माझा पोरगा तुयाच वर्गात होता न."

मी विचारलं, मग बाबांना सांगितलं का नाही.

"सांगतलं असतं त तुले मारलं असतं त्यानं. मिलिटरीचा हात." मग म्हणाले, "मले काय, घंटीच त वाजवा लागे."

मला तिथे रडू आलं. काका मला थांबवायला गेले नाहीत. उरलेल्या शेंगा त्यांनी माझ्यासमोर सरकवल्या आणि आम्ही दोघांनी सोलल्या. निघताना म्हणाले, मायले सांग आधी. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "पास झाली असती त धड जेवली असती. मले समजत नाही का?"

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. बाकीचे पेपर निघाले. शेवटचं उड्डाण एका वयस्क परीक्षकांसोबत होतं. पहिलं वळण मी सवयीनं घेतलं, दरीत घेतात तसं, एका कुशीवर. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की मॅडम, मागे प्रवासी बसले आहेत असं समजा. मी मागे पाहिलं. सीटा रिकाम्या होत्या. पुढचं वळण मी तलावाजवळच्यासारखं घेतलं. उतरल्यावर त्यांनी कागदावर सही केली आणि विचारलं की हे इतकं मऊ वळण तुम्हाला मिलिटरीत कोणी शिकवलं. मी म्हणाले, मिलिटरीत नाही. पुढे बोलले नाही.

सोमवारी मी मुंबईला रुजू होते. समुद्रात तेल काढायचे फलाट आहेत, तिथे कामगारांना पोचवायचं आणि परत आणायचं. बसचंच काम आहे. ठरलेली वेळ, ठरलेला थांबा, तीच तीच माणसं. तुम्हाला ही नोकरी आवडली असती, त्या डोंगरांपेक्षा जास्त.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, मी ते आईच्या लोखंडी पेटीत तुमच्या खाकी शर्टाखाली ठेवणार आहे. आईला वाचून दाखवणार नाही, कारण अजून एक गोष्ट आहे आणि ती तिच्यासमोर मला वाचता येणार नाही. चौदा वर्षांत मेसमध्ये, ओळखीपाळखीत, वडील काय करत होते असं कितीतरी जणांनी विचारलं. मी दर वेळी सांगितलं, सैन्यात होते. ते खोटं नव्हतं, म्हणून कोणी पुढे विचारलं नाही. तुम्ही एसटी चालवत होता हे मी कोणालाच सांगितलं नाही, बाबा. एकदाही नाही.