कागदाला शिवण नसते

४ सप्टेंबर

ताई,

कशी आहेस वगैरे विचारत नाही. तू उत्तर देत नाहीस आणि मग तो प्रश्न माझ्याच डोक्यात लोंबकळत राहतो. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझा जुना नंबर लागत नाही म्हणून हा कागदाचा उद्योग. माझं मराठी तुला माहितीच आहे, जोडाक्षर आलं की मी ब्रेक मारते. हसायचं असेल तर हस. तेवढं तरी कर.

बातमी अशी की आई पुन्हा गणिताला बसतेय.

तू गेल्यावर बरंच काय काय झालं. आईचं हॉस्पिटल आता एका कंपनीने चालवायला घेतलंय. त्यांनी शिवणखोलीच्या दारावर नोटीस लावली. शाळा पूर्ण केल्याचं, नाहीतर त्याच्या बरोबरीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट नसेल, त्यांना नवीन वर्षापासून कायम नोकरी नाही. ते सगळे ठेकेदाराकडे. आई अजून कटिंगच्या टेबलावरच आहे, चादरी, अभ्रे, गाऊन, सगळं तिच्याच कात्रीखालून जातं, पण नोटिशीला त्याचं काय? तर आईने फॉर्म भरला. बाकीचे विषय तिने पहिल्या फटक्यात काढले. भाषेत तर पंचाहत्तर! आणि गणितात उडाली. दोनदा. आता नोटिशीच्या तारखेआधी ही एकच परीक्षा उरलीय.

म्हणून मी सूत्रं हातात घेतली. एकदम सिरीयसली. फ्रिजवर टाइमटेबल, बाथरूमच्या दारावर पाढे, चहाच्या डब्यावर अपूर्णांक. मी टीचर होणार हे तर ठरलेलंच आहे, मग सुरुवात घरातून. आई मला 'बाई' म्हणते. 'बाई, आज सुट्टी द्या, पाय फार दुखतात.' मी देत नाही. आणि गंमत बघ, पेरिमीटरला परिमिती म्हणतात हे मला आत्ता कळलं, आईच्या पुस्तकातून. रोज संध्याकाळी धडा आधी ती मला वाचून दाखवते, मग मी तो तिला समजावते.

पण खरं सांगू का, पहिला महिना पालथ्या घड्यावर पाणी होतं. ती कामावरून आली की तिची बोटं कात्रीच्याच आकारात वाकडी असतात, पेन नीट धरवत नाही. पान बघून मान हलवते आणि उत्तर चुकतं. आणि चुकतं तेही विचित्र. म्हणजे पद्धत बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर मात्र कायम थोडं मोठं. मी डोकं आपटून घेतलं. शेवटी परवा तिला म्हटलं, मोठ्याने बोलत सोडव.

गणित होतं, टेबलाची लांबी नव्वद सेंटीमीटर, रुंदी पन्नास, तर क्षेत्रफळ किती. तिने लिहिलं चौऱ्याण्णव गुणिले चोपन्न. मी विचारलं, हे वरचे चार आले कुठून? तर म्हणाली, 'दोन्ही बाजूंनी दोन-दोन धरावे लागतात ना ग, शिवणीत जातात.'

ताई, ती टेबल शिवत होती! शेत असो, भिंत असो, पाण्याची टाकी असो, सगळ्याला शिलाईचं मार्जिन धरत होती. इतकी वर्षं कोणी माप सांगितलं की हात आपोआप वाढीव धरतो, तिला ते कळतही नाही. दोन वेळा ती नापास झाली ती यामुळे. मी इतकी हसले, मग ती पण हसली, मग म्हणाली, 'म्हणजे मला येत होतं?'

आता मी नियम केलाय. माप आलं की आधी मोठ्याने म्हणायचं, कागदाला शिवण नसते. भांडी घासताना, केस विंचरताना, कामाला जाताना. म्हण आणि पुढे चल. ती म्हणते. माझ्या ओळखीत एवढी आज्ञाधारक विद्यार्थिनी दुसरी नाही.

तुझी,
छोटी


९ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर असावा. मी पॉझिटिव्ह विचार करतेय.

आमच्याकडे स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबर येऊन गेला, आता आधीपेक्षा जास्त गळतो. शेजारच्या काकूंनी मांजर पाळलंय आणि ते आमच्याकडे जेवतं. मी एका क्लासमध्ये शिकवायला विचारून आले. ते म्हणाले, आधी डिग्री पूर्ण कर.

आईची प्रगती विचारशील तर एकदम मस्त. मागच्या चार सराव पेपरांत ती पास आहे. मार्जिन गेलं. पूर्ण गेलं. माप वाचते आणि जेवढ्यास तेवढं लिहिते. मी लाल पेन घेऊन बसते आणि माझ्या पेनाला कामच नाही. हल्ली ती दिवसाही घरी असते, त्यामुळे वेळच वेळ. सकाळी टक्केवारी, दुपारी भूमिती. पण पूर्वीसारखं 'बाई' वगैरे म्हणत नाही. मी सांगते ते करते.

काजवाली मावशी येऊन गेली. तुला आठवत असेल, शिवणखोलीत आईच्या शेजारी बसते ती, बोलायला लागली की मशीनलाही दम घेऊ देत नाही. या वेळी दारातच उभी राहिली. आईची मोठी कात्री आणि चष्म्याचं घर आणून दिलं, पाणीसुद्धा घेतलं नाही. आई आत झोपली होती. म्हणजे पडली होती.

परीक्षा नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी आहे. हॉल तिकीट आलंय, फोटोत आई पकडलेल्या चोरासारखी दिसते.

तू जाताना तिला जे बोललीस ना, 'तुझी शाळा तरी झालीय का, मला शिकवायला निघालीस', ते तिने माझ्यासमोर कधी काढलेलं नाही. मी पण काढत नाही. पण फॉर्म तिने नोटीस लागायच्या आधी आणला होता, हे मला हल्लीच कळलं. फॉर्मवरची तारीख तू गेलीस त्याच आठवड्यातली आहे. तुला टोचायचं म्हणून लिहीत नाहीये. माहिती म्हणून.

बाकी सगळं ठीक.

छोटी


६ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रात 'बाकी सगळं ठीक' लिहिलं होतं ते खोटं होतं. तुला ते कळलं असेलच, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

आईला कामावरून घरी बसवलंय. ते पत्र लिहिलं त्याच्या आधीच. ती मला म्हणाली होती, 'सुट्टी साठली होती, परीक्षेसाठी घेतली.' मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. वेळच वेळ मिळत होता ना.

काजवाली मावशी त्या दिवशी दारात उभी राहून जे सांगून गेली ते असं. ऑपरेशनच्या खोलीत घालायचे हिरवे गाऊन करायचे होते. नवीन कंपनीचं पहिलंच मोठं काम, कापड खास मागवलेलं. मापं कागदावर लिहून आली, तयार गाऊनची मापं. त्यात वाढीव किती धरायचं हे तिथे कोणी लिहीत नाही, कापणारीने धरायचं असतं, आईने ते आयुष्यभर धरलंय. थरावर थर घातले, पूर्णच्या पूर्ण तागे, आणि आईने खडूने आखून मशीनने एका दमात कापले. मावशीने पहिला गाऊन जोडला आणि गंमत म्हणून स्वतःच्या अंगावर चढवला. खांद्यात अडकला. पाठीमागे दोन्ही बाजू एकमेकींना भेटेचनात. मग दुसरा बघितला, मग तिसरा. सगळे तसेच.

मावशी म्हणाली, 'मी कापताना तिला विचारलं होतं ग, बाई, वाढीव धरलंस ना? ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, माप बरोबर आहे.'

काय पुटपुटत होती ते मावशीला ऐकू आलं नव्हतं. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

ताई, मी दाराची कडी धरून उभी होते. मला तिच्या हातातून एक सवय काढायची होती, फक्त कागदापुरती. ती कुठून निघते ते मी बघितलंच नाही. मी आईला नंतर विचारलं. सरळ विचारलं, माझ्यामुळे झालं का? ती म्हणाली, 'तुझा काय संबंध? डोकं ठिकाणावर नव्हतं माझं.' आणि पुस्तक उघडून बसली. कुठलं पान, विचारलं. मी पान सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शिवणखोलीचे साहेब तिला घरी बसवताना म्हणाले होते, सर्टिफिकेट घेऊन या, मग तुमच्यासाठी वर शब्द टाकून बघू. म्हणजे परीक्षेला अजून अर्थ होता, आणि मी त्यालाच चिकटून बसले. मला वाटलं, पास झाली की सगळं भरून निघेल. पण तिच्या हाताचं काय झालंय ते मला मध्येच दिसलं. शेजारच्या काकूंनी पडद्याचं कापड आणून दिलं, साधा पडदा. आई ते टेबलावर पसरून खडू घेऊन उभी राहिली, कितीतरी वेळ. मग मला हाक मारली आणि म्हणाली, 'इथे धरायचं असतं ना ग?' मला विचारलं तिने. मला सुईत दोरा घालता येत नाही. मी हो म्हटलं. तिने धरलं, पुसलं, परत धरलं. शेवटी कापड घडी करून काकूंना परत दिलं, सांगितलं, सध्या डोळे साथ देत नाहीत.

त्याच दिवशी सराव पेपरात पुन्हा मार्जिन आलं. सगळीकडे नाही, कुठे धरलेलं, कुठे नाही. ती मला म्हणाली, 'आता दोन्हीकडचं गेलं बघ.' सहज म्हणाली, दूध उतू गेलं म्हणावं तसं. मग आम्ही पहिल्यापासून बसलो. मी नियम वगैरे सगळे काढून टाकले, फ्रिजवरचे कागद पण. फक्त सोबत बसायचे. हळूहळू तिची गणितं सुटायला लागली. शेवटच्या आठवड्यात तर सगळी.

आणि शनिवारी ठेकेदाराचा निरोप आला. त्याच हॉस्पिटलात, तळघरात, मळक्या कपड्यांची गाठोडी उतरवून वेगळी करायची. सोमवारी सकाळी हजर व्हा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे.

सोमवारी पेपर.

मी रविवारभर भांडले. म्हटलं, एक दिवस. एकच दिवस मागून घे. ती म्हणाली, मागितला, तो नाही म्हणाला. मी म्हटलं, साहेबांनी शब्द दिलाय. ती म्हणाली, 'बघू म्हणालेत. बघूवर घर चालतं का?' मी खूप बोलले. हे पण म्हटलं की मग इतके महिने आपण काय केलं. ती इस्त्री करत होती, ठेकेदाराने दिलेल्या निळ्या एप्रनला. म्हणाली, 'तू मन लावून शिकवलंस. मी कोणालाही सांगेन.'

सोमवारी ती उजाडायच्या आत गेली. हॉल तिकीट टेबलावर तसंच होतं.

मी ते घेतलं आणि परीक्षेच्या शाळेत गेले. का ते विचारू नकोस. मला वाटत होतं, तळघरात एक नजर टाकून ती परत फिरेल, बस पकडेल, आणि मी गेटवर असले तर तिचा वेळ वाचेल. मी पेन पण दोन घेतली होती. आत जाणाऱ्यांत सगळे मोठे लोक, एक आजोबा, कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी, बाळ नवऱ्याकडे देऊन आत गेली. घंटा झाली. शिपाई म्हणाला, कोणी राहिलंय का? मी म्हटलं, येतेय. त्याने थोडं थांबून गेट लावलं.

मी पेपर संपेपर्यंत तिथेच बसले. एक टॅक्सीवाले काका आधी बाहेर आले. त्यांना मी प्रश्नपत्रिका मागितली. पायरीवर बसून सगळी वाचली. टक्केवारी, दोन अपूर्णांक, एका बागेचं कुंपण, पाण्याची टाकी.

संध्याकाळी आई आली. मी कुठे गेले होते हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले, डोळे मिटले आणि विचारलं, 'पेपर कसा होता ग?'

मी म्हटलं, अवघड. भयंकर अवघड होता आई, सगळे रडत बाहेर आले.

ती म्हणाली, 'मग बरं झालं.'

सोपा होता ताई. एक न् एक गणित तिला येत होतं.

या वेळी दोन ओळी पाठव. मला नको, तिच्या नावाने पाठव. परीक्षेचं काही विचारू नकोस. कामाचंही नको. ती आता लवकर झोपते, म्हणून मी ते सकाळी चहाबरोबर तिच्या हातात देईन.

छोटी