मी अडकलो की सायली हसते

३ जुलै, जेवणाची सुट्टी
आजपासून रोज लिहिणार. पोरगी कशी खेळते ते बापाला माहीत पाहिजे, बाप जामनगरात असला तरी.
व्हिडिओ कॉलवर सायलीने टोपाचं झाकण खाली टाकलं, वाकून बघितलं, परत टाकलं. आई म्हणाली, आदळआपट बापाचीच. मला वाटतं इंजिनियर होणार.

७ जुलै
रोज लिहायला टाइम मिळत नाही. नवीन गोडाऊन. जुनं सोडलं ते घरी बोललो नाही. तिथला सुपरवायझर अरे-तुरे करायचा. योग्य वेळी सांगेन.
सुविधाने विचारलं, गणपतीची, चवथीची रजा मिळाली? बायकोला हेच एक सुचतं. इथे नवीन माणसाला सहा महिने रजा नाही. मी तोंड उघडं टाकून तसाच राहिलो, पापणीपण हलवली नाही. नेटवर्क अडकल्यासारखं. फर्स्ट क्लास जमलं. सायली खदखदून हसली. म्हणजे बापाला ओळखते.

१२ जुलै
परत रजा. परत अडकलो. सायलीने मोबाइलच्या मागे हात घालून मला शोधलं. नाही सापडलो तर मोबाइलच चाटला. बरं वाटलं, लाजपण वाटली. उद्या नक्की सांगणार.

१३ जुलै
रविवार. रविवारी असलं सांगू नये.

४ ऑगस्ट
सायलीने नवीन खेळ काढलाय म्हणे. घास पुढे केला की तोंड उघडं टाकून ताठ होते, डोळेसुद्धा हलवत नाही. सगळं घर हसतं. शेजारची शालिनीकाकी विचारते, कोणावर गेलां गो ह्यां?
मग सुविधा हळूच म्हणाली, तुमी अडकतात तेवा मागचो पंखो कसो फिरता?
मी अडकलो. सवयीने.
शेवटी तिनेच कट केला.

५ ऑगस्ट
पंखा बंद ठेवायला पाहिजे होता, हा विचार पहिला आला. असला माणूस मी.

१० ऑगस्ट
सगळं सांगितलं. नोकरी सोडली, रजा नाही, चवथीला येत नाही. सुविधा म्हणाली, जेवलात? म्हटलं, हो. मोबाइल सायलीपुढे टेकवून ती आत गेली.
सायली टक लावून बसली, मी कधी अडकतो त्याची वाट बघत. मी बोलत राहिलो, टाळ्या वाजवल्या, माकडासारखी तोंडं केली. तिला कंटाळा आला. रांगत चपलांकडे गेली.
मला नुसती भिंत दिसत होती. कॉल मी कट केला नाही.