पाचव्या पट्टीची नोंद

मी, वय वर्षे एकाहत्तर, प्लास्टिकच्या कारखान्यातील निवृत्त तपासनीस, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र करीत आहे. तीन वेळा लिहून फाडले. हे चौथे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस. तिने आपल्या भावाला वरची खोली वापरायला देऊ नये. तो एकदा बसला की हलत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

२. माझे भिंग व मायक्रोमीटर मिश्रणयंत्रावरच्या ऑपरेटरला. तो सांगायचा, प्लास्टिकला बळकटी देणारी कार्बन नॅनोट्यूबची पूड चिमूटभरच घाला आणि माल दोनदा मळा. जास्त झाली की गुठळ्या होतात, मग मजबुती राहते बाजूला, माल ठिसूळ होतो. मी त्याला चारचौघांत 'आचारी' म्हणून हिणवले. त्याचेच बरोबर होते.

३. माझ्या धाकट्या बहिणीच्या कृत्रिम पायातली तळपट्टी नऊ वर्षांपूर्वी मीच करवून घेतली. बहिणीसाठी म्हणून पूड दुप्पट घातली आणि घाईत माल एकदाच मळला. काळ्या मालात गुठळी दिसत नाही. तपासणीला त्याच मालाच्या पाच पट्ट्या यंत्राच्या पकडीत धरून, ओढून तोडल्या. चार चांगल्या निघाल्या, पाचवी निम्म्या ताणावरच तुटली. अशा पट्टीपुढे आम्ही सगळेच 'पकड घसरली' असे लिहून ती वगळत असू. मीही तेच लिहिले. पकड घसरली नव्हती. तुटलेल्या टोकावर खसखशीएवढी गुठळी मी भिंगातून पाहिली होती.

तेव्हापासून बहीण जिना उतरू लागली की मी पुढे होऊन तिचा हात धरतो. परवा म्हणाली, "दादा, हल्ली हा पाय करकरतो रे. पण तू केलायस ना, म्हणून मला घोर नाही." मी विषय बदलला. मला स्वतःची लाज वाटते.

४. ~~माझ्या पश्चात तिला नवा पाय करून द्यावा.~~ ही ओळ मीच खोडली असून शेजारी सही केली आहे. पश्चात म्हणजे कधी? ती रोज दोन मजले चढते-उतरते.

साक्षीदार सह्या करीत असतानाच पत्नीने बहिणीला फोन लावला आहे. मी निरोप दिला, "तिला सांग, घरातच बसून राहा, जिन्याकडे जाऊ नकोस. आम्ही निघालोच." तिसरे कलम मी स्वतः तिला वाचून दाखवणार आहे. त्यानंतर तिने मला दादा म्हणावे की नाही, ते तिने ठरवावे.

सही: तपासनीस
साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर २. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
स्थळ: राहते घर, दारात उभ्याने
दिनांक: सात मार्च, सकाळी सव्वादहा