रिकाम्या खुर्चीचे प्रयोगहक्क

मी, नाटकात काम करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. हात थरथरतो, डोके नाही.

१. राहते घर पत्नीचे. 'एकटीला एवढ्या खोल्या कशाला' असे तिला कोणी विचारू नये.

२. बँकेतील शिल्लक मुलगी व पुतण्या यांनी निम्मी निम्मी घ्यावी. रंगभूषेची पेटी पुतण्याला. तो माझ्यादेखत माझी नक्कल करतो, तेव्हा सामानही त्याच्याकडेच असावे.

३. थोरल्या भावाने लिहिलेल्या आणि माझ्या नावे केलेल्या नाटकाचे हक्क. त्यात दोन मुलगे बापाच्या खोल्या वाटून घेतात. बाप जिवंत, समोर खुर्चीत. भावाने बसवले तेव्हा बाप खवचट होता. लोक मुलांच्या बाजूने हसत. पुढे तीस वर्षे बापाचे काम मी केले आणि त्याला हळवा केला. हसता हसता लोक डोळे पुसू लागले. मी समजलो, नाटक हेच.

गेल्या वर्षी मुलीने ते नव्याने बसवले. बाप काढून टाकला, खुर्ची ठेवली.

"माझं काम फर्निचरला दिलंस?"

"बाबा, बघायला तरी या. मग घाला शिव्या."

गेलो नाही. पुतण्या म्हणत होता, "काका, हक्क मला द्या. आहे तसंच करीन, तुमच्या खोकल्यासकट." त्याला मी होकार दिला होता.

मागच्या महिन्यात शेवटच्या रांगेत बसून प्रयोग पाहिला. माझ्या वेळी लोक माझ्या तोंडाकडे बघून ठरवत, हसायचे की नाही. इथे ते सांगायला कोणी नव्हते. शेजारचा गृहस्थ मोठ्याने हसला, आजूबाजूला बघून गप्प झाला. त्याच्याबरोबर मीही हसलो होतो.

वकीलबाई म्हणाल्या, "मूळ नाटकात बदल करायचा नाही, अशी अट घाला."

"मूळ कोणतं? भावाचं की माझं?"

त्यांनी पेनाचे टोपण लावले.

हक्क मुलीला, विनाअट. पुतण्याला वाईट वाटेल. त्याने तिच्याकडे काम मागावे, तिने द्यावे. उद्या तिला बाप परत आणावासा वाटला तर आणावा. तो माझ्यासारखा नसावा.

वर हक्कांपुढे पुतण्याचे नाव खोडले आहे, ते मीच खोडले आहे.

लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. नेपथ्य उभारणारे सुतार (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: तालमीची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी