पंधरा पौंड हवा

शारजा,
शनिवार, ११ डिसेंबर २००४

प्रिय वरद,

काल, शुक्रवार दहा डिसेंबरला, इथल्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटे झाली असताना तू मला म्हणालास, "आई, प्लीज, टायर इज बाबाज डिपार्टमेंट," आणि फोन ठेवलास. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ, मग रडारड, असे बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट शिकवायची. तारीख आणि वेळ झाली. रडण्याची मला सवय नाही, म्हणून लिहायला बसले.

तू फोन स्पीकरवर टाकला होतास आणि मी इथे बाबांच्या रिसीव्हरला कान लावून होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. नवी हायब्रिड घेतलीस, तिला हिवाळ्याचे वेगळे टायर घालावेत की ऑल-सीझन चालतील, हे तू बाबांना विचारलेस. बाबा आपल्या दुकानातल्या आवाजात म्हणाले, "अरे, डिसेंबरात काय होतंय? ऑल-सीझन घाल, बिनधास्त जा. गाडी रुतायला लागली तर हवा पंधरा पौंडांवर आण. यल्ला, खलास." आणि तू लगेच स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलास, "सी, मिहिका? बाबा सेज इट्स फाइन!" म्हणजे ती बिचारी हिवाळ्याचे टायर घाल म्हणत होती, आणि तू सासऱ्याच्या नावाने तिचे तोंड बंद केलेस. चोवीस तारखेला बफेलोहून ऑल्बनीला तिच्या बहिणीकडे निघायचे, चार महिन्यांचा वेदांग मागच्या सीटवर, बाहेर तुमच्या त्या सरोवरावरून येणारे बर्फ, आणि खाली पंधरा पौंड हवेचे टायर. मी रिसीव्हर ओढून घेतला तेव्हा तू मला वरचे वाक्य ऐकवलेस.

बाबांनी टायर विकले, हे खरे. पण त्याच कंपनीत मी पंचवीस वर्षे टायपिंग केले, हे तू सोयीने विसरतोस. जपानहून येणारे प्रत्येक टेक्निकल सर्क्युलर माझ्या बोटांखालून गेले आहे. शेठला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून सोपे करून मीच सांगायची. सात डिग्रीच्या खाली साध्या टायरचे रबर थिजते, तूप थिजते तसे, आणि मग ते रस्ता पकडत नाही. हायब्रिडला कारखान्यातून येणारे ऑल-सीझन तर पेट्रोल वाचावे म्हणून मुद्दाम सहज घरंगळणारे केलेले असतात. तुला त्या स्क्रीनवर मायलेजचा आकडा नाचताना दिसतो, आणि हिवाळ्याच्या टायरने तो खाली जातो म्हणून तुझा जीव जातो. जाऊ दे ना खाली! वाळूत हवा काढली की टायर पसरतो आणि गाडी तरंगते. बर्फाच्या हायवेवर पंधरा पौंडांनी पळवलीस तर टायर तापेल, रिमवरून निसटेल. शिवाय थंडीत हवा आपोआप कमी होते, ती उलट भरायची असते. हे सगळे मी काल सांगणार होते. तुला आईकडून फक्त मेतकुटाची कृती हवी असते.

तुझा बाबांवर एवढा विश्वास का, ते मला माहीत आहे. तू दहा-अकरा वर्षांचा असताना आपण वाळवंटातून खोर फक्कानच्या समुद्रावर निघालो होतो. तुला उंट जवळून बघायचा होता म्हणून बाबांनी गाडी रस्त्यावरून खाली घेतली आणि चारही चाके वाळूत बसली. मी नेहमीप्रमाणे बडबडत होते. बाबा खाली उतरले, चारही टायरची हवा काढली, तुझा हात टायरवर ठेवून म्हणाले, "बघ, आता हा उंटाचा पाय झाला." आणि गाडी खरोखरच उंटासारखी डुलत बाहेर आली. समुद्रावर पोचेपर्यंत तू त्यांच्याकडे असा बघत होतास, की मीसुद्धा गप्प बसले. त्या दिवसापासून बाबा बोलले की ते झाले. तू सायकल घेतलीस तरी त्यांना विचारलेस, अमेरिकेत पहिली जुनी गाडी घेतलीस तेव्हा टायरवरची तारीख फोनवर वाचून दाखवलीस. दर शुक्रवारी तू फोन करतोस आणि ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसतात. इतर दिवशी इस्त्रीच्या शर्टासाठी मला अर्धा तास भांडावे लागते.

इथे हवा छान आहे. पाण्याकाठी कॉर्निशवर लोक चटया टाकून बसतात, कबाब भाजतात. आम्हीही जातो, पण आता पायी. ऑगस्टमध्ये आम्ही गाडी विकली. तुला मी म्हटले, पार्किंगचा त्रास फार. तू म्हणालास, "गुड डिसिजन." पार्किंगचा त्रास असा होता, की बाबा गाडी लावून वर यायचे आणि मग पुन्हा खाली जाऊन ती शोधायचे, आणि एकदा ती शोधत थेट रोलाच्या बसस्टँडपर्यंत गेले. आपल्या बिल्डिंगखालच्या टायपिंग सेंटरचा याकूब त्यांना हाताला धरून घेऊन आला. "भाभी, साब शायद धूप से घबरा गये," म्हणाला. भला माणूस. कडक ऊन सकाळच्या आठला नसते हे त्यालाही कळते.

शेठने बाबांना सल्लागार म्हणून ठेवले आहे, व्हिसाही त्यावरच आहे. आठवड्यातून एकदा कंपनीची गाडी येते, बाबा शोरूममध्ये बसतात, टायरवर हात फिरवतात, सगळे आदराने चहा देतात. कोणी टायरबद्दल विचारले तर अजूनही एका दमात उत्तर. म्हणून कोणाला कळत नाही. फोनवर तुलाही कळत नाही, आणि ते मी तुला कसे समजावू? आपली एक बेडरूमची जागा, फोन हॉलमध्ये, आणि ते त्याच्या शेजारी. काल मी याकूबकडून तुला फोन केला, तर तुझे निरोप घेणारे यंत्र लागले. यंत्राला मी एवढेच म्हटले, की हिवाळ्याचे टायर घाल. आज तू घरी फोन केलास, बाबांनी उचलला, हसून म्हणाले, "नाही नाही, तिचं ऐकू नकोस," आणि ठेवून दिला. मी भांडी घासत होते. त्या क्षणी मला तुम्हा दोघांच्या डोक्यात तवा घालावासा वाटला, आणि लगेच भांड्यांवर डोके ठेवून बसावेसे वाटले.

मार्चमध्ये डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले तेव्हा बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला होता: "वरदला नको. त्याच्यासाठी मी होतो तसाच राहू दे." मी आजवर शब्द मोडलेला नाही. आज मोडते आहे, कारण मागच्या सीटवर वेदांग आहे. काल तू फोन ठेवल्यावर बाबा समाधानाने खुर्चीत टेकले आणि मला म्हणाले, "बरं गिऱ्हाईक होतं. तान्ह्या पोराला घेऊन खोर फक्कानला चाललाय. म्हटलं डिसेंबरात ऑल-सीझन पुरे, वाळूत गेलास तर हवा काढ." मी विचारले, "अहो, वरद होता ना?" तर म्हणाले, "छे, वरद शाळेत आहे." वरद, त्यांनी तुला चुकीचे काहीच सांगितले नाही. खोर फक्कानला जाणाऱ्या माणसाला ते अगदी बरोबर आहे. टायरचे सगळे त्यांच्या डोक्यात शाबूत आहे, फक्त समोर कोण आहे आणि तो कुठे चालला आहे, तेवढे पुसले जाते आहे. म्हणून चोवीस तारखेच्या आत चारही चाकांना हिवाळ्याचे टायर घाल. ऑल-सीझनच घालायचे असतील तर ज्याच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे तेच घाल, आणि हवा गाडीच्या दाराच्या आत लिहिली आहे तेवढीच भर. घातलेस की मला लिहून कळव, फोनवर नाही. हे पत्र कुरियरने पाठवते आहे, याकूबच्या फॅक्सचा नंबर पाकिटावर लिहिला आहे. सोमवार, वीस डिसेंबर, इथल्या संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या हातचा कागद मला मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर मी मिहिकाला फोन करीन आणि हे सगळे तिला सांगीन. आणि शुक्रवारी नेहमीसारखा बाबांना फोन कर. ते विचारतील, गाडी कशी चालली. सांग, "तुम्ही म्हणालात तेच घातले, बाबा, उंटासारखी चालली." तुला गिऱ्हाईक समजले तरी चालेल. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असतील.

उत्तराची वाट बघत याकूबच्या दुकानात खुर्ची अडवून बसणारी,
तुझीच,
आई