केशरी कोंब

रत्नागिरी,
रविवार, सकाळ

प्रिय करुणा,

सप्रेम जय भीम. तुझा फोन येऊन आज नऊ दिवस झाले. तू विचारलंस त्याला मी ‘कळवतो, कळवतो’ करत राहिलो आणि तू ते मनाला लावून घेतलं असशील. लग्न ठरल्याचं ऐकून मला मनापासून आनंद झाला, त्याबद्दल शंका घेऊ नकोस. विनीत मुलगा सरळ आहे, तुझं ऐकून घेतो, आणखी काय पाहिजे! पण उत्तर फोनवर देता येईना. बोलताना मला सोयीचं तेवढंच आठवतं, ही माझी जुनी खोड. शिवाय माझी चूक लिहिण्यातूनच झाली होती, तेव्हा तिचा कबुलीजबाबही लिहूनच द्यावा असं वाटलं.

आमच्या मागच्या अंगणातला केशरी नारळांचा माड तुला आठवत असेल. तू आठवी-नववीत असताना एकदा विचारलं होतंस, की काका, ह्या एकाच माडाच्या पोयीला तुम्ही कापडाची पिशवी का बांधता? मी म्हटलं, उंदीर लागतात. ते खोटं होतं. त्याच्याआधीचं एक मोठं खोटं आहे, तिथवर पोचायला मला तुझ्या बाबांपासून सुरुवात करावी लागेल.

पावसच्या वाटेवर ती खासगी रोपवाटिका होती, आता तिथे बंगले उभे राहिलेत. मी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात शिकून आलेला, हातात वही आणि कानाला पेन्सिल. गंगाराम पाडेली, म्हणजे माडावर चढणारा. आमचं काम संकराची रोपं तयार करायचं. आपला उंच बाणवली माड स्वतःला मोठा जपतो. पोय, म्हणजे फुलोरा, उमलली की आधी नर फुलं फुलतात आणि दोन-तीन आठवड्यांत गळून संपतात, मग कुठे त्याच पोयीतली मादी फुलं तयार होतात. घरातल्या घरात काही जमू नये अशी त्याची रीतच. केशरी ठेंगू जातीचं तसं नाही. त्याची नर आणि मादी फुलं एकाच वेळी तयार असतात आणि तो स्वतःच्याच परागावर फळ धरतो. गंगाराम त्याला ‘आप्पलपोटा’ म्हणायचा. म्हणून ठेंगूची पोय उमलायला लागली रे लागली की वर चढून सगळी नर फुलं खुडायची, पोयीला कापडाची पिशवी बांधायची आणि मादी फुलं तयार झाली की बाणवलीचा पराग आणून त्यांवर फुंकायचा. फुलं खुडली की मी खाली खोडावर पत्र्याची पट्टी ठोकायचो. माडाचा नंबर, तारीख, आणि ‘नर फुलं काढली’. तुझे बाबा वर असताना गुणगुणायचे आणि मी खालून ‘सूर सुटला’ म्हणून चिडवायचो. करुणा, तेवढा चांगला मित्र मला परत मिळाला नाही.

दोन हजार चारचा ऑक्टोबर. आंजर्ल्याला मेव्हण्याचा साखरपुडा होता. सतरा नंबरच्या ठेंगूची पोय दुसऱ्या दिवशी उमलणार हे मला दिसत होतं. पण गंगारामला मालकांनी दुसऱ्या आगरात पाठवलेलं, आणि मला घाई. मी पट्टी आधीच लिहून ठोकून टाकली, वहीतही तशीच नोंद केली. म्हटलं, परत येऊन उरकू, कोण बघतंय! साखरपुड्याच्या गडबडीत एकाऐवजी तीन दिवस राहिलो. परतलो त्या सकाळी कळलं की दहा वाजता मालक कुणा पाहुण्यांना घेऊन बाग दाखवायला येणार आहेत. सतरा नंबरवर पोय पूर्ण उघडलेली, नर फुलं फुललेली आणि खाली माझ्या अक्षरात ‘काढली’.

परतीचा पाऊस रात्रभर कोसळून नुकता थांबला होता. खोडावर शेवाळ. ठेंगू नावालाच, चाळीस वर्षांचा तो माड दोन मजले उंच होता. तुझे बाबा खोडाला हात लावून म्हणाले, ‘राजा, निसारडा हाय रं. वायच उन येवं दे.’ मी घड्याळ बघितलं. म्हटलं, तुला काय नवीन आहे, जा पटकन. ते हसले आणि चढले. निम्मी फुलं खुडून झाली, पिशवीची एक नाडीही बांधून झाली. दुसरी बांधताना पाय सुटला. मी तीन हातांवर उभा होतो.

माणसं धावत आली तेव्हा मला विचारलं, पावसात हा वर कशाला गेला? ‘मी पाठवला’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न पट्टीचा आला असता. माझ्या तोंडून निघालं, शहाळी काढायला चढला असेल, मी बघितलं नाही. एवढंच वाक्य. तेच मालकांनी पोलिसांना सांगितलं, तेच गावात पसरलं. तू सहा वर्षांची होतीस. शाळेत तुला ‘शहाळेचोराची पोर’ म्हणाले आणि तू दप्तर घेऊन माझ्याच घरी रडत आलीस. मी तुला गूळपोळी दिली. तुझ्या आईच्या, शालनवहिनींच्या कालवणात त्या दिवसापासून आजवर नारळ पडलेला नाही. लोक म्हणतात दुःखामुळे. मला माहीत आहे, ते लाजेमुळे आहे आणि ती लाज मी दिलेली आहे.

त्या माडावर पुन्हा कुणी चढेना. एका नाडीवर लटकलेली पिशवी वर्षभर फडफडत राहिली आणि तिच्याखाली नारळांची ती पेंड आपली मोठी होत गेली. पुढच्या ऑक्टोबरात नारळ आपसूक पडले. माझ्या वहीतल्या नोंदीवर विश्वास ठेवून ते संकराच्या वाफ्यात लावले गेले. संकराचा कोंब तपकिरी येतो. ठेंगूने स्वतःशीच केलेलं बी असेल तर कोंब लख्ख केशरी. अकराच्या अकरा कोंब केशरी आले! वाफ्यावरची माणसं चकित झाली, वहीत तर काढली लिहिलंय, मग हे काय? केशरी कोंब उपटून टाकायचे असा नियम होता. मी दहा उपटले. अकरावा घरी आणून लावला. का, ते तेव्हाही कळलं नाही.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, भूतबीत मी मानत नाही. पण हा माड पहिल्यांदा पोयीला आला त्या दुपारी मी जेवत होतो आणि मागून कापड फडफडल्याचा आवाज आला. काकूने वाळत काही घातलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पोयीबरोबर तो येतो. भरदुपारी, वारा नसताना. शिडी लावून मी खरीच पिशवी बांधू लागलो, दोन्ही नाड्या घट्ट, निदान आवाजाला कारण तरी असावं म्हणून. नर फुलं मात्र कधी खुडली नाहीत. आणि हा माड बंद पिशवीत, कुणाची मदत न घेता, धरतच राहतो. प्रत्येक नारळ रुजवून बघितला. प्रत्येक वेळी तोच केशरी कोंब. एकवीस वर्षं मी एक गोष्ट आतल्या आत कोंडून ठेवली आहे आणि ती मला वर्षभर फळं देते आहे.

आणि तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, काका, पत्रिकेत बाबांच्या नावाखाली तुमचं नाव घालते, लग्नात त्यांच्या जागी तुम्हीच उभे राहा, तुमच्याशिवाय आम्हाला होतं कोण! करुणा, मी तिथे उभा राहू शकत नाही. ती जागा मीच रिकामी केली. तुझे बाबा चोर नव्हते. माझी चूक झाकायला ते ओल्या माडावर चढले, आणि मी सांगितलं म्हणून चढले. हे पत्र पेटीत टाकून मी शालनवहिनींकडे जाणार आहे, आणि पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर उभा राहून हेच सांगणार आहे. त्यानंतर तू तोंड बघितलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. पत्रिकेत गंगारामचं नाव एकट्याचंच छाप, मोठ्या अक्षरात. पाकिटात सतरा नंबरची पट्टी ठेवली आहे, त्या दिवशी माणसं यायच्या आत मी ती खोडावरून उचकटली होती. पत्रा गंजला आहे, पण वाचता येतं. तारीख खोटी आहे. अक्षर माझं आहे.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
राजेंद्रकाका